निम्मा सराव

माझ्या भावाच्या पायाला काय झालं, असं आमच्या मुरुम गावात अजून कुणी ना कुणी इचारतंच. कायबी झालं न्हवतं. दगडासारखा मजबूत पाय होता त्याचा, डावा. आन् तरी आख्ख्या गावानं तो मोडला. बोट न लावता मोडला.

मी सायराबी. आमी पिंजारी. आमी कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आन् लोकांनी त्यावर घोरत पडायचं. अब्बा निजाम पडला तवाच्या पोलीस अॅक्शनमध्ये गेले. कसे गेले ते इचारू नका, आमी बी कुणाला सांगत न्हाय. घरात अम्मा, म्हणजे फातिमाबी, मी आन् माझा धाकटा भाऊ नबीलाल. माझा नवरा सोलापूरला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या नावानं आंघोळ करून मोकळी झाले मी.

मुरुमाला फुटबॉलचं वेड निजामाच्या वक्तापासनं. निजाम गेला, रुपया बदलला, कचेरीतली भाषा बदलली, आमी आधी हैदराबादेत होतो ते मुंबई राज्यात आलो, पण वेड काय गेलं न्हाय. उरुसात सामने व्हायचे. त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या बालवीर मंडळाचा सराव चालायचा, आन् रोज दिवेलागणीला खाजाभाईच्या हॉटेलाम्होरं ही गर्दी. आलूर, बेळंबची माणसं बी बाजार करून थांबायची. का? तर आज कोण खेळला, कोण लंगडला, ते ऐकायला.

मंडळाचे सेक्रेटरी दत्तोपंत मास्तर. काळा कोट, पांढरं धोतर, जिभेवर साखर. पयले ज्याला जे वाटंल ते तो सांगायचा. अमक्याचा घोटा सुजला, तमक्याला हगवण लागली. त्यावरनं हॉटेलात कपबश्या फुटायच्या. म्हणून मास्तरांनी रीत बांधून दिली. कुणाला काय दुखतंय ते सांगायचं न्हाय, सरावात तो कितपत होता तेवढंच सांगायचं. सगळा येळ खेळला तर पूरा. मधनंच बाहेर आला तर निम्मा. नुसते हातपाय हलवले तर मोकळा. बसून ऱ्हायला तर बाजूला. मास्तर हॉटेलाच्या बाकड्यावर उभे ऱ्हायचे आन् एकेकाचं नाव घेऊन शब्द टाकायचे. "शिवशरण, पूरा. जैनोद्दीन, मोकळा." पुढं एक अक्षर न्हाय. लोकांना ते लई आवडलं. कोर्टाचा निकाल ऐकल्यागत ऐकायचे.

पण आमचं गाव तेवढ्यावर कुठं भागतंय! निम्मा म्हणलं की त्या पोराच्या घरी हळद पोचलीच. मोकळा म्हणलं की आंबेहळद, निर्गुडीचा पाला, गावठी अंडी. आन् बाजूला म्हणलं की बायका भेटायला यायच्या. उंबऱ्यात बसून पदर डोळ्याला लावायच्या. पोरगं आत भाकरी हाणत बसलेलं असलं तरी ह्या बाहेर उसासे टाकत बसायच्या. आमी हसायचो त्याला. दुसऱ्याच्या घरी चाललं होतं तवर हसायचोच की.

नबीलाल डाव्या बाजूला अगदी म्होरं खेळायचा, लेफ्ट आउट. भावाचं कौतुक म्हणून सांगत न्हाय. चेंडू त्याच्या पायात भुकेल्या मांजरावाणी घोटाळायचा. त्या साली पोलिसांच्या टीमचे एक साहेब सामना बघायला येणार होते, आन् पोरगा नजरेत भरला तर भरती करून नेणार होते. तसा सांगावाच आला होता. पगार, राहायला लाईनीत खोली, अंगावर खाकी. अॅक्शनपासनं खाकी कपडा बघितला की अम्मा दाराआड सरायची. पण तीच म्हणाली, "जा बेटा. तो कपडा आपल्या अंगावर असला म्हणजे मग आपल्या दारात कुणी येत न्हाय." नबीलालला खेळ पायजे होता. अम्माला ते दार पायजे होतं. रात्री आतनं कडी लावून, वर पाटा लोटून झोपायची ती, इतकी वर्षं झाली तरी.

आता शिवलिंगप्पांचं सांगते. बाजारातले मोठे आडते. मंडळाचे बूट, चेंडू, कापडं, सगळं त्यांचं. त्यांचा पुतण्या भीमाशंकर, तो बी लेफ्ट आउट. पोरगं स्वभावानं गरीब होतं, त्याला काय बोल लावायचा! पण नबीलालम्होरं त्याचा टिकाव लागत न्हवता. त्यात त्या साली आळंदचे पाहुणे सोयरिकीसाठी त्याला बघायला येणार होते, आन् अप्पांनी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं, आमचा पोरगा टीमचा लेफ्ट आउट हाय, या आन् बघा. बघा म्हणलं तर दाखवायला नको?

आन् सरावाच्या पयल्याच आठवड्यात भीमाशंकर आपटला आन् त्याचा गुडघा सुजला. उजवा. म्या डोळ्यानं बघितला, गादी द्यायला त्यांच्या घरी गेले तवा. इरम्मा, त्याची आई, मीठ गरम करून शेकत होती. मला बघून तिनं पोराच्या पायावर धोतर ओढलं. मला वाटलं, चला, आता नबीलालची वाट मोकळी. मी येडी!

त्या सांजेला मास्तर बाकड्यावर चढले. "भीमाशंकर, पूरा. नबीलाल, निम्मा."

मी पाणी घेऊन येत होते, तिथंच थबकले. घरी येऊन बघते तर नबीलाल मजेत कांदा फोडतोय. म्हणलं, "आरं, तुला काय झालं?"

"कुठं काय? मास्तरांनी मधीच शिट्टी मारली, म्हणाले, बाळ, तू आता दम खा. मला ताजा ठेवायलेत आपा, साहेबांसाठी."

"आन् भीमाशंकर?"

"तो गोलाच्या खांबाला टेकून उभा होता सगळा येळ. चेंडू दुसऱ्याच बाजूला पळवा म्हणले मास्तर."

हे असं. खांबाला टेकून का होईना, तो सगळा येळ मैदानात होता. पूरा. माझा भाऊ घोड्यावाणी पळत होता त्याला मधीच बाहेर काढला. निम्मा. खोटं कुठं काय? देवाम्होरं हात वर करून सांगावं असं खरं!

तवर दारात गिरिजाबाई उभी, शेजारची. वाटीत हळद. "फातिमाबी, पोराच्या पायाला लावा गं. कोणता पाय?"

नबीलाल उठला आन् आंगणात दोन्ही पायांवर उड्या मारल्या. "काकू, हे बघा, कायबी झालं न्हाय."

गिरिजाबाईचं तोंड कसनुसं झालं. "लपवू नगस बाबा. आतला मार वरनं दिसत न्हाय." आन् वाटी ठेवून गेली. बाई मनानं चांगली, त्याचाच तर राग येतो.

दुसऱ्या दिवशी परत निम्मा. तिसऱ्या दिवशी मोकळा. आता शेजारपाजारच्या वाट्या पुरंनात, पाल्याचे भारेच यायला लागले. नबीलाल चौकातनं चालला की माणसं त्याच्या पायाकडं बघायची. हा सरळ चालायचा तर म्हणायची, "बघ, कसा दात-ओठ खाऊन सरळ चालतोय." मुद्दाम पळून दाखवलं तर, "आरं येड्या, अजून बिघडंल की!" खाजाभाई तर आमच्यातला, नमाजाला एका ओळीत उभा ऱ्हाणारा. त्यानं बी नबीलालला बाकड्यावर बसवून चहा पाजला आन् म्हणला, "मियाँ, जान है तो जहान है. पोलिसात काय पायाची परीक्षा घेत न्हाईत व्हय? नंतर कळंलच की." आता ह्याला काय सांगायचं? आपल्याच पायाची साक्ष आपण काढायची, आन् ती कुणी मानायची न्हाय.

मग ते बाजूला सुरू झालं. मास्तरांनी नबीलालला बूटच दिले न्हाईत. शिलाई उसवली म्हणले, मोच्याकडं टाकलेत. बूट न्हाय तर मैदानात कसा येणार, बस तिकडं. आन् बाकड्यावरनं आवाज, "नबीलाल, बाजूला." उजाडायला आमच्या दारात बायका. अम्मा बिचारी कुणाला काय सांगणार? चहा करायची सगळ्यांना.

मी काय गप बसणारी न्हाय. मास्तरांच्या घरी गेले. ते ओट्यावर पान लावत होते. म्हणलं, "मास्तर, माझ्या भावाचा पाय चांगला हाय. सांगा गावाला."

"अगं, त्याचा पाय वाईट आहे असं मी कधी म्हटलं, सायराबी?" चुना मळत हसून म्हणाले. "मी फक्त सराव सांगतो. माझ्या तोंडून एक शब्द खोटा निघाला असेल तर दाखव."

"आन् भीमाशंकरचा गुडघा?"

"त्याबद्दलही मी काही बोललेलो नाही."

"मास्तर, बाजूला बसवता तुमी, आन् बाजूला बसला म्हणून सांगता बी तुमीच! ही कसली रीत?"

तवर पान तोंडात गेलं होतं. पान तोंडात असलं की मास्तर बोलत नसत. शिवलिंगप्पांकडं बी गेले. ते गादीवर बसले होते, म्याच भरलेल्या. त्यांनी मला पुरतं बोलू बी दिलं न्हाय. "इरली बिडु," म्हणाले, "राहू दे गं. पुढल्या साली खेळंल की." पुढल्या साली साहेब काय ह्यांच्या आडतीवर भुईमूग घ्यायला येणार होते?

सामन्याच्या दिवशी मैदानाला मुंगीला वाट न्हवती. समोर उमरग्याची टीम. मंडपात साहेब, त्यांच्या शेजारी शिवलिंगप्पा, त्यांच्या शेजारी आळंदचे पाहुणे फेटे बांधून. आमी बायका लांब पाराजवळ. नबीलाल दोरीच्या कडेला मातीत बसला होता, अनवाणी.

भीमाशंकर पळाला. खोटं सांगत न्हाय, पोरगं जिवाच्या करारानं पळालं. पयला चेंडू मारला. दुसऱ्याला उमरग्याचा पोरगा अंगावर आला, हा वळला आन् खाली बसला. ओरडला न्हाय. नुसता गुडघा धरून बसला. चौघांनी उचलून आणला तवा इरम्मा माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा दंड असा धरला की वळ उठले. पुढं तो पाय कधी वाकला न्हाय. आळंदचे पाहुणे बी परत आले न्हाईत.

तवा जखमी झाल्याच्या जागी दुसरा घ्यायची रीत न्हवती. दहाजण खेळले आन् मुरुम हारलं. घरच्या मैदानावर, उमरग्याकडनं. मैदानावर असं सुतक पसरलं की उमरग्याची पोरं बी नीट नाचली न्हाईत.

साहेब उठले, जीपकडं निघाले. आन् तवा नबीलाल दोरी ओलांडून आत गेला. म्या हाक मारली, त्यानं ऐकलीच न्हाय. चेंडू घेतला, मधल्या रेघेवर ठेवला, आन् तसाच अनवाणी घेऊन पळाला. डावीकडनं गेला, समोर कुणी असल्यागत हुलकावणी दिली, वळला, आन् डाव्या पायानं असा चेंडू हाणला की गोलाचं जाळं मागं ताणलं. मग परत पळत साहेबांम्होरं येऊन सलाम ठोकून उभा ऱ्हायला. छाती नुसती वरखाली व्हायली. त्याचं तोंड म्या तेवढ्यापुरतं बघितलं. अब्बा असताना तो असा दिसायचा.



साहेब म्हणाले, "पाय तर एक नंबर आहे रे तुझा. मग खेळला का नाहीस?"

आता बघा, माणूस साधं इचारतो, त्याच्या मनात काय वाईट नसतं, आन् दुसऱ्याचं घर जळतं. नबीलाल म्हणला, "साहेब, मला बसवलं." आन् मास्तरांकडं बघितलं. त्यानं मास्तरांकडं बघितलं, कारण ते त्याचे मास्तर होते.

मास्तर पुढं आले. तोच गोड आवाज. "साहेब, गेले काही दिवस हा सरावात बाजूलाच होता. मी रोज जाहीर सांगितलंय. सगळा गाव साक्षी आहे."

"व्हय, बाजूलाच होता!" गाव म्हणलं. साक्षीला गाव तयारच होतं.

"सरावाला बसून राहणारा माणूस मी घेऊन काय करू?" म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

जीपचा धुरळा बसायच्या आत लोकांना कळलं. म्हणजे त्यांना वाटलं, कळलं. पाय चांगला हाय! मग पंधरा दिवस आमची हळद खाल्ली? मग बसून का ऱ्हायला? "इकला सामना!" कुणीतरी म्हणलं. "उमरग्यात ह्याचा मामा हाय!" दुसरा म्हणला. मामा बिमा कुणी न्हाय आमचा उमरग्यात. आन् मग तिसऱ्यानं ते म्हणलं, जे आमी दहा वर्षं कधी ना कधी ऐकायचं म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. "रझाकाराची अवलाद. घरात राहून घर बुडवणार."

हळदीच्या वाट्या देणारे हेच हात. एकानं ढेकूळ मारलं. मी आन् जैनोद्दीननं नबीलालला मधी घेऊन गल्लीत आणला. मारणाऱ्यांत भीमाशंकरचं कुणी न्हवतं, हे बी सांगायला पायजे.

त्यानंतर आमच्याकडं कापूस यायचा बंद झाला. गिरिजाबाईनं आंगणातनं तोंड फिरवलं. दारावर डांबरानं काहीबाही लिहिलं, ते म्या रॉकेलनं घासून काढलं. अम्मा दिवसा बी कडी लावायला लागली, पाटा लोटायला लागली. जेवत न्हवती. खुट्ट झालं की नबीलालला कापसाच्या ढिगात ढकलायची, त्या येळी अब्बांना ढकललं होतं तसंच. "आत हो, आत हो," एवढंच म्हणायची.

आन् मग एक दिवस दुपारी दत्तोपंत मास्तर आले. आमच्या घरी पयल्यांदा. काळा कोट घालून. खाली चटईवर बसले, पाणी प्याले. म्हणाले, "लोक भलतंच बोलायला लागलेत. मला झोप नाही." मग नबीलालकडं बघून म्हणाले, "एक मार्ग आहे. मी हॉटेलासमोर सांगतो, पोराचा पाय खरंच दुखावलेला होता. तो एक चेंडू त्यानं रागाच्या भरात मारला, आणि त्यात पाय कायमचा गेला. लोक विसरतील. उलट हळहळतील. तू फक्त... थोडे दिवस जरा लंगडत चाल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मास्तर, आता खोटं बोलायला जीभ वळली व्हय तुमची? खरं बोलून आमचं वाटोळं केलंत, आन् आता खोटं बोलून उपकार करता? उठा!"

"चुप बैठ गे!" अम्मा माझ्यावर ओरडली. आन् तिनं, माझ्या म्हाताऱ्या आईनं, मास्तरांच्या पायाला हात लावला. "मास्तर, तेवढं करा. लेकरू वाचवा माझं. लंगडा ऱ्हाऊ दे, पण ऱ्हाऊ दे."

मास्तरांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं. त्या माणसाचं सगळं खरंच असायचं.

नबीलालनं मास्तरांकडं बघितलं. उठला, आन् त्या चटईपासनं उंबऱ्यापर्यंत चालून दाखवलं. डावा पाय ओढत. मास्तर म्हणाले, "थोडं कमी." त्यानं थोडं कमी केलं.

सांजेला बाकड्यावरनं सांगितलं गेलं, आन् गावाचं मन हलकं झालं. लोकांना आपल्या पोराचा दगा पचत न्हवता, त्याचा मोडका पाय पचला. गिरिजाबाई परत आली, रडली, "म्या म्हणलंच होतं, आतला मार." कापूस परत आला. शिवलिंगप्पांनी सुनेच्या बाळंतपणाची गादी आमच्याकडंच दिली. चौकात माणसं नबीलालला बसायला जागा द्यायला लागली. भीमाशंकर काठी टेकत यायचा, तो तेवढा त्याच्या शेजारी बसायचा. त्याला ठाऊक होतं. लंगड्याला लंगडा कळतो की!

अम्मा जेवायला लागली. म्हणजे सगळं ठीकच झालं म्हणायचं.

थोडे दिवस म्हणले होते मास्तर. थोडे म्हणजे किती ते कुणी सांगितलं न्हाय, आन् बरा झाला म्हणायची हिंमत कुणाची? बरा झाला तर परत तेच, मग पाय चांगला होता काय रे? पावसाळा गेला, पुढला उरूस आला, गेला. नबीलाल गादीचं ओझं डोक्यावर घेऊन पाय ओढत गावभर फिरायचा.

एका दुपारी तो बाहेरनं आला. दार लावलं, कडी घातली. घरात आमी तिघंच. आन् तो तसाच, डावा पाय घासत, माठापाशी गेला. म्या म्हणलं, "आरं नबी, आता घरात तर सरळ चाल की रे. इथं कोण बघतंय?"

त्यानं पाणी घेतलं, दोन घोट प्याला. माझ्याकडं बघितलं न्हाय.

"नको आपा," म्हणला. "घरात सरळ चाललो, तर बाहेर एखाद्या दिवशी ध्यानात ऱ्हाणार न्हाय."